थोरली फटफटी

वयाची साठी उलटलेल्या गृहस्थानें बाजारांतून काय विकत आणावें याविषयीं आमच्या सदाशिव पेठेंत फारसे मतभेद नाहींत: नवा चष्मा, गुडघ्याचा पट्टा, आणि फारच हौस असल्यास एखाद्या उपनिषदाची सभाष्य प्रत. गेल्या दसऱ्यास, म्हणजे २०२५ सालच्या २ ऑक्टोबर रोजीं, आम्ही फटफटी विकत आणली. तीहि ३४९ सी.सी.ची आणि १९५ किलो वजनाची. तेव्हांपासून ‘हें काय आरंभिलें आहे?’ असें रस्त्यांत अडवून विचारणारांची संख्या इतकी वाढली आहे कीं, सर्वांस एकदांच उत्तर द्यावें या हेतूनें या महिन्याचें सदर त्या विषयाकडे लावीत आहों.

आमच्या घरच्या वाहनांचा इतिहास म्हणजे पुणें शहराच्या इतिहासाची लहानशी नक्कल आहे. आमचे तीर्थरूप जन्मभर सायकलीवर हिंडले. त्या काळीं पुण्यास सायकलींचें शहर म्हणत. १९७२ सालीं दोन वाहनें बाजारांत आलीं आणि तें नांव हळूहळू मागें पडूं लागलें. एक फिरोदियांच्या कायनेटिकची पन्नास सी.सी.ची लूना, दुसरें बजाजची चेतक स्कूटर. लूना आमच्या घरीं लवकर आली. चेतकसाठीं आमच्या वडील बंधूंनीं, म्हणजे दादांनीं, नांव नोंदविलें, आणि नंबर लागेपर्यंत त्यांच्या कानशिलावरचे केस पिकूं लागले. पुढें १९८५ सालीं हीरो होंडाची शंभर सी.सी.च्या वर्गांतील गाडी निघाली. त्याच जातीच्या दोन गाड्या एकीमागून एक वापरून आम्ही आमच्या नोकरीचीं सारीं वर्षें काढलीं. पेट्रोल थोडें, कुरकूर नाहीं, आणि वजन इतकें बेताचें कीं गणपतीच्या दिवसांत गर्दींत अडकल्यास उचलून वळवितां येई.

मग ती टाकून थोरली घेण्याचें कारण काय? आम्ही घरीं सांगितलें तें कारण असें. आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांस सर्व घर आक्का म्हणतें, वाईस राहतात. महिन्यांतून एकदां त्यांस भेटून यावें असा आमचा व सौभाग्यवतींचा नेम आहे. वाई पुण्याहून नव्वद किलोमीटरांच्या आंतबाहेर. दोघांचें ओझें घेऊन शंभर सी.सी.ची गाडी खेड-शिवापूरच्या पुढें महामार्गावर लागली, कीं शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्यानेंहि ती हालते. आणि खंबाटकीच्या घाटांत तर ती दुसऱ्या गिअरमध्यें असा कांहीं आक्रोश करी, कीं सौभाग्यवती तिला मागून ‘झालें हो, झालें’ असें म्हणत.

हें कारण खरें होतें, पण पुरतें खरें नव्हतें. मद्रासेस १९५५ सालीं एन्फील्ड कंपनी स्थापन झाली आणि तेथल्या बुलेट गाड्या देशभर हिंडूं लागल्या. आमच्या तरुणपणीं आळींतल्या एका कंत्राटदारांकडे तशी एक होती. संध्याकाळीं ती आली कीं आम्ही पुस्तक मिटून खिडकीशीं जात असूं. तिचा तो सावकाश, अंतर ठेवून पडणारा ठोका आम्हांस एखाद्या मंदाक्रांता वृत्तासारखा वाटे. मास्तरकीच्या पगारांत ती बसली नाहीं. पुढें मुलाचें शिक्षण, घराची डागडुजी यांत तिची आठवणहि राहिली नाहीं, असें आम्ही समजत होतों. निवृत्तीनंतर कळलें कीं राहिली होती.

एकत्र कुटुंबांत कोणतीहि वस्तु एकटा मनुष्य विकत घेत नाहीं. विषय रात्रीच्या जेवणानंतर निघाला. दादा म्हणाले, “वाईस जाण्यासाठीं एस.टी. नाहीं का? स्वारगेटवर जा आणि बस. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धें तिकीट आहे. तुलाहि पासष्ट पुरीं झालीं कीं मिळेल. दोन वर्षें दम धर!” चिरंजीवांनीं विम्याचा हिशेब विचारला. सौभाग्यवती बराच वेळ सुपारी कातरीत होत्या. शेवटीं त्या एवढेंच म्हणाल्या, “घ्यायची तर घ्या. पण तुम्हांला ती आवरते असें माझ्या डोळ्यांनीं दिसल्याखेरीज मी मागें बसायची नाहीं.”

त्याच सुमारास सरकारनें आमच्या पारड्यांत वजन टाकलें. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकींवरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्या गाड्यांवर मात्र तो ४० टक्के झाला. आमची निवड त्या रेषेच्या अलीकडे एका सी.सी.नें पडत होती. हा शुभशकुन मानून आम्ही दसऱ्याचा मुहूर्त धरला. झेंडूची माळ, चाकाखालीं लिंबू, हँडलवर आपट्याचें पान असा सर्व विधि यथासांग झाला.

खरेदीपूर्वीं आम्ही वहीवर त्रैराशिक मांडलें होतें. जुन्या गाडीचें वजन सुमारें ११२ किलो, नवीचें १९५. जुनीची शक्ति सुमारें ८ अश्वशक्ति, नवीची २०. चाक फिरविण्याचा जोर, ज्यास टॉर्क म्हणतात, तो जुनीचा ८ न्यूटन-मीटर व नवीचा २७. म्हणजे वजन पावणेदोनपट, शक्ति अडीचपट, जोर तिपटीहून अधिक. आम्ही समाधानानें वही मिटली. परंतु मनुष्य वहीवर पडत नाहीं, रस्त्यावर पडतो.

जुन्या गाडीचे चारहि गिअर पायाच्या चवड्यानें खालीं दाबून पडत. पहिला दाबा, दुसरा दाबा, तिसरा, चौथा, सर्व खालींच. नव्या गाडीचा पहिला तेवढा खालीं; पुढचे चार चवड्यानें वर उचलावयाचे, आणि न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्यें. हें समजावयास एक मिनिट पुरतें. पण आमचा डावा पाय समजुतीनें चालत नव्हता. तो तीस वर्षांच्या संवयीनें चालत होता. चौथ्याच दिवशीं लक्ष्मी रस्त्यावर आम्ही तिसऱ्यांतून चौथ्यांत जावयाचें म्हणून पाय दाबला, तों गाडी दुसऱ्यांत येऊन अशी हिसकली, कीं मागल्या रिक्षेवाल्यानें आमच्या वयाचा व अकलेचा मेळ जाहीरपणें तपासून पाहिला. त्याची चूक नव्हती.

खरी फजिती त्यानंतर आठवड्यानें झाली. घराच्या फाटकांत वळत होतों. वेग म्हणावा तर चालत्या माणसाचा. हँडल पुरतें डावीकडे वळलेलें. समोर मांजर आलें, आम्ही उजव्या हातानें पुढचा ब्रेक दाबला, आणि गाडी डावीकडे कलली. जुन्या गाडीस अशा वेळीं पाय टेकून सांवरतां येई. हिला सांवरणें म्हणजे कोसळत्या भिंतीस खांदा देणें होतें. गाडी आडवी झाली, आमचा गुडघा फुटला, आणि वर पाहतों तों सज्जांत सौभाग्यवती उभ्या. त्या कांहींच बोलल्या नाहींत. शांतपणें खालीं आल्या, हळद लावली, आणि पुन्हां वर गेल्या. दादा मात्र बोलले, “विकून टाक. हात-पाय शाबूत आहेत तोंवर विकून टाक.”

ती रात्र आम्हांस चांगली गेली नाहीं. दादांचें म्हणणें खोटें म्हणावयास आमच्याजवळ पुरावा नव्हता. साठीनंतरची हौस ही एकट्याची नसते. तिचें ओझें घरच्या सर्वांवर पडतें, आणि मागें बसणारावर तर सर्वांत अधिक. गाडी विकून टाकावी असें आम्ही जवळजवळ ठरविलें होतें.

सकाळीं सूनबाई चहा घेऊन आल्या आणि दाराशींच थांबल्या. “मामंजी, एक सांगूं का? रागावणार नाहीं ना?” आम्ही मान हालविली. “वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबायचा नसतो. मीसुद्धां अशीच पडलें होतें.” कोठें, असें विचारतां म्हणाल्या, “कोल्हापूरला. बाबांच्या बुलेटवर.” सूनबाई आमच्या घरीं येऊन तीन वर्षें झालीं. त्या हिंजवडीस स्कूटरवरून जातात हें आम्ही रोज पाहतों. माहेरीं चार वर्षें त्यांनीं वडिलांची बुलेट चालविली, हें आमच्यापैकीं कोणास ठाऊक नव्हतें, कारण कोणीं विचारलेंच नव्हतें. त्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशीं आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशीं असे. आतांच्या सर्व गाड्यांत तें उलट असतें. पाय बदलणें म्हणजे काय, हें त्यांनीं स्वतः भोगलें होतें.

पुढचे अकरा रविवार सकाळीं सहा वाजतां एका मोकळ्या मैदानावर आम्ही सूनबाईंचे विद्यार्थी होतों. त्यांचा अभ्यासक्रम वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून थोडक्यांत देतों.

पहिल्या दिवशीं इंजिन सुरूच करूं दिलें नाहीं. गाडी नुसती ढकलीत न्यावयाची, वळवावयाची, थोडी कलती करून पुन्हां सरळ करावयाची. किती कललेली असतांना ती आपली राहते आणि कोठून पुढें ती पृथ्वीची होते, हें हाताला कळलें पाहिजे. मग ती पडल्यास उचलावी कशी तें. तिच्याकडे तोंड करून कमरेंतून वांकणें म्हणजे पाठीचा मणका गहाण टाकणें. तिच्या आसनाकडे पाठ करून बसकण घ्यावी, एका हातानें हँडल व दुसऱ्यानें मागची पकड धरावी, आणि पायांच्या जोरावर लहान लहान पावलें मागें टाकीत उभें राहावें. उजव्या अंगावर पडली असल्यास डावीकडचा स्टँड आधीं उघडून ठेवावा, नाहींतर ती दुसऱ्या बाजूस जाते.

दुसरा धडा क्लचचा. हळूं सोडतांना तो जेथें पकडूं लागतो, ती एक बोटभर जागा हीच मोठ्या गाडीची लगाम आहे. इंजिनाचा जोर मोठा असल्यामुळें समान भूमीवर शक्ति न वाढवितांहि गाडी मुंगीच्या पावलांनीं चालते. त्या चालीनें आम्ही आठाचा आंकडा काढीत असूं. तिसरा धडा दृष्टीचा. “पुढच्या चाकाकडे पाहूं नका, मामंजी. जिकडे जायचं तिकडे पाहा. गाडी नजरेमागून येते.” चौथा ब्रेकचा. थांबतांना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून सरळ जातांना थांबण्याचें बहुतेक काम पुढच्या ब्रेकचें. तो एकदम आंवळूं नये, पिळत न्यावा. वळलेल्या हँडलवर सावकाश चालतांना मात्र मागचाच.

येथें एक हिशेब मुलांनीं पाठ करावा. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणाऱ्यास धोका दिसून हात हालेपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यांत ११ मीटर जातात. नंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकनें थांबावयास सुमारें १० मीटर. वेग ८० केला तर पहिले ११ चे २२ होतात, पण नंतरच्या १० चे ४० होतात. एकंदर २१ च्या ठिकाणीं ६२! वेग दुप्पट, तर ब्रेकचें अंतर चौपट. मोठी गाडी ८० वर इतकी शांत असते कीं चालकास ती ४० वर आहे असें वाटतें. तिचा खरा धोका येथें आहे. लहान गाडी ओरडून सांगते. मोठी सांगत नाहीं.

परंतु या मैदानावर आम्हांस जें सर्वांत अधिक टोंचलें तें गाडीविषयींचें नव्हे. आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें. ‘राम’ चालविणारा मुलगा ‘हरि’च्या तृतीयेस ‘हरिणा’ न म्हणतां ‘हरेण’ म्हणे, तेव्हां आम्ही विचारीत असूं, “लक्ष कोठें आहे तुझें?” तिसऱ्यांदा तीच चूक झाली तर बाकावर उभें करीत असूं. आतां पासष्टीकडे झुकलेले आम्ही, डोळे, कान, मन सर्व एकवटून, उचलावयाचा तो गिअर पुन्हां दाबीत होतों. लक्ष तेथेंच होतें. ‘रामेण’ पायांत बसलें होतें! चूक दुर्लक्षाची नव्हती, आधीं चांगल्या शिकलेल्या धड्याची होती. सूनबाईंनीं आम्हांस एकदांहि ‘लक्ष कोठें आहे’ म्हटलें नाहीं. त्या फक्त मोजीत आणि परततांना सांगत, “मागल्या रविवारीं अकरा वेळां. आज सात.” पुढें पांच झाले, मग दोन. बाकावर उभीं केलेलीं कित्येक मुलें त्या दिवसांत आम्हांस आठवलीं. त्यांतील कोणी हें वाचीत असल्यास त्यानें एवढें समजावें कीं, त्याच्या मास्तरांस हा धडा उशिरां मिळाला.

मधल्या काळांत हेल्मेटें आलीं, दोन. पुण्यांत हा विषय नाजूक आहे. २०१९ च्या जानेवारींत पोलिसांनीं सक्ती सुरू केली तेव्हां तिच्याविरुद्ध शहरांत मोर्चा निघाला होता, आणि आम्हीहि त्या मताचे होतों. कायदा मात्र चालविणाऱ्यास व मागें बसणाऱ्यास सारखाच आहे. मोडल्यास हजार रुपये दंड व तीन महिने परवाना स्थगित. गुडघ्यावरची खपली पाहून आमचें मत बदललें. भारतीय मानक ४१५१ चा शिक्का पाहून, कपाळावर घट्ट बसणारें व पट्टा लावल्यावर न फिरणारें असें घ्यावें. अंबाड्यामुळें सौभाग्यवतींस तें बसेना. त्यांनीं अंबाडा मोडून वेणी घातली. त्यावरून आम्हांस थोडी आशा वाटूं लागली.

संक्रांत झाली. आक्कांचा तिळगूळ डब्यांत भरला. त्या शनिवारीं आम्ही घरीं आलों, फाटकांतून वळलों, गाडी लावली. सौभाग्यवती सज्जांतून म्हणाल्या, “उद्यां येईन मी.” काय झालें, असें विचारतां म्हणाल्या, “पंधरा दिवस बघत्यें. तुम्ही आतां फाटकांत पाय टेकत नाहीं.” तीन महिने त्या रोज सज्जांतून हें पाहत होत्या, याची आम्हांस वार्ताहि नव्हती.

दुसऱ्या दिवशीं, १८ जानेवारीस, निघालों. आदल्या रात्रीं मागल्या चाकांत दोघांच्या भारास योग्य तितकी हवा भरली, मागच्या स्प्रिंगा एक खांचा कठीण केल्या. दोघे बसल्यावर गाडी मागें दबते, उशिरां थांबते, आणि वळतांना निराळी वाटते. म्हणून कात्रजपर्यंत आम्ही तिची नव्यानें ओळख करून घेतली. मागें चढण्या-उतरण्यापूर्वीं चालविणाऱ्यानें ‘हं’ म्हणावें, हा करार ठरला होता. खंबाटकीच्या घाटांत जेथें जुनी गाडी आक्रोश करी तेथें ही तिसऱ्यांत गुणगुणत चढली. एका वळणापूर्वीं एक ट्रक रखडत होता. त्याच्या पुढें जाण्याइतका जोर मुठींत होता, आणि पाय आपण होऊन खालीं दाबावयास निघाला. बोटें लिव्हरला लागलीं आणि थांबलीं. आम्ही मूठ सैल केली व त्या ट्रकच्या मागोमाग घाटमाथ्यापर्यंत गेलों. जोर असतां न वापरण्याचें सुख आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें. लहान गाडीवर तें मिळालें नसतें, कारण तेथें तो पर्यायच नव्हता.

आक्का ओसरीवर वाट पाहत होत्या. गाडीभोंवतीं एक फेरी घालून म्हणाल्या, “एवढी थोर गाडी, आणि एस.टी.इतकाच वेळ लागला?” आम्ही उत्तर शोधीत होतों. सौभाग्यवती हेल्मेट काढीत म्हणाल्या, “वन्सं, वेळ लागला म्हणूनच तर आलें.”

घरोघरीं कोणी तरुण, कोणी प्रौढ मोठ्या गाडीचा हट्ट धरून बसला असेल. त्या घरांस आमचें सांगणें एवढेंच. हट्टास एकदम नकार देऊं नये आणि एकदम होकारहि देऊं नये. तीन महिने मागावे. त्या अवधींत गाडी एकट्यानें, मोकळ्या जागेंत, हळूं चालवून दाखवावी. किती वेगानें जातो हें कोणी विचारूं नये. फाटकांत पाय टेकतो का, एवढें पाहावें. आणि शिकविणारें माणूस घरांतच असण्याचा संभव असतो; वयानें धाकटें आहे किंवा सून आहे म्हणून त्यास विचारावयाचें राहूं नये. गाडी सोडण्याचा दिवसहि आम्ही आधींच लावून घेतला आहे. दर दसऱ्यास सूनबाई मैदानावर आमची परीक्षा घेतील. त्यांनीं ‘पुरे’ म्हटलें कीं किल्ली त्यांच्या हातीं. वहीच्या पहिल्या पानावर तशी नोंद करून त्याखालीं सही केली आहे.

दादांचें मत बदललेलें नाहीं. तथापि गेल्या आठवड्यांत तेहि आक्कांस भेटावयास वाईस निघाले. सकाळीं धोतर सांवरीत ते आमच्या खोलीच्या दाराशीं आले आणि गाडीकडे न पाहतां म्हणाले, “स्वारगेटपर्यंत सोडतोस का? रिक्षावाले फार मागतात.” आम्ही उठलों. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते थांबले आणि मागें वळून म्हणाले, “आणि तें दुसरें शिरस्त्राण घे बरोबर.”